मृदाशुद्धी, विद्युत् गतिक

जड धातूंनी दूषित झालेल्या ओलसर मृदेत विद्युत् अग्रे रोवून त्यांच्यामधून एकदिश विद्युत् प्रवाह जाऊ दिला असता धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) विरुद्ध भाराच्या अग्राकडे सरकतात व तेथे जमणाऱ्या पाण्याबरोबर ते उपसून काढता येतात. जमीन न खणता, आहे त्या जागीच ती स्वच्छ करण्याच्या या पद्धतीस ‘विद्युत् गतिक मृदाशुद्धी’ असे म्हणतात. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम, आर्सेनिक इ. द्रव्यांच्या बाबतीत ही पद्धत वापरून पाहण्यात आली आहे. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रयोगात असून शेतजमीन सुधारण्यासाठी तिचा उपयोग करण्याचा एक आद्य प्रयत्न भारतीय उपखंडात झाला. मृदा व पर्यावरण या दोन्ही विषयांच्या राष्ट्रीय संशोधन संस्था नागपूर येथे असल्याने या पद्धतीचा व तिच्या पर्यायांचा भारताच्या संदर्भात विचार करताना नागपूरचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.

जड धातू व मृदा : सांडपाणी, खनिज तेल, अनेक कीटकनाशके यांसारखी कार्बनी प्रदूषके मृदेतील सूक्ष्मजीवांच्या क्रियेने कालांतराने विघटित होऊ शकतात. जड धातूंचे तसे होत नाही. शिसे किंवा कॅडमियम हे मूलद्रव्य असल्याने कोणत्याही सूक्ष्मजीवाला अथवा रासायनिक विक्रियेला ते नाहीसे करता येत नाही. त्याचे फक्त रूप बदलते. त्यामुळे दूषित जमिनीबाबत दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे धातू मृदेतून बाहेर काढणे आणि दुसरा म्हणजे तो मृदेतच अविद्राव्य (न विरघळणाऱ्या) रूपात बांधून ठेवणे. दूषित माती खणून सुरक्षित खड्ड्यात पुरणे हा रूढ उपाय आहे. पण त्यात दूषण फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी जाते आणि मूळ जागेवरची कित्येक शतकांत तयार झालेली सुपीक मृदा कायमची गमावली जाते.

मृदेचे बारीक कण, विशेषतः मृत्तिका खनिजांचे कण, ऋण विद्युत् भारित असतात व धातूंचे धन आयन त्यांच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जातात. वाळूमिश्रित जमिनीतून पाणी खेळवून धातू काही अंशी धुऊन काढता येतात. चिकण जमिनीत मात्र पाणीच शिरत नाही. जेथे धुण्याची पद्धत निरुपयोगी ठरते तेथेच विद्युत् गतिक पद्धतीचे महत्त्व सुरू होते.

तत्त्वाचा शोध : मॉस्को येथील प्राध्यापक फेर्डिनांट फ्रीड्रिख रॉइस यांनी व्होल्टा यांच्या विद्युत् घटमालेचा शोध लागल्यानंतर थोड्याच वर्षांत ओल्या मृत्तिकेतून व क्वॉर्ट्‌झच्या चूर्णातून विद्युत् प्रवाह सोडण्याचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १८०९ मध्ये प्रसिद्ध झाले. सच्छिद्र पदार्थातील पाणी धनाग्राकडून ऋणाग्राकडे वाहते, तर मृत्तिकेचे सुटे कण धनाग्राकडे सरकतात, असे त्यांना आढळले. यांपैकी पहिल्या आविष्कारास विद्युत् तर्षण व दुसऱ्यास विद्युत् संचारण अशी नावे पुढे रूढ झाली. जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ व्हीडेमान यांनी १८५२ मध्ये वाहणारे पाणी व विद्युत् प्रवाह यांच्यातील परिमाणात्मक संबंध दाखविला. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८७९ मध्ये कणाच्या पृष्ठभागाशी असणाऱ्या ‘विद्युत् भारांच्या दुहेरी थरा’ची कल्पना मांडून या आविष्कारांचे स्पष्टीकरण केले व पोलिश शास्त्रज्ञ मारिआन स्मॉलुखॉव्हस्की यांनी १९०३ मध्ये त्या सिद्धांताला अधिक व्यापक रूप दिले. जवळजवळ एका शतकाच्या या काळात हा विषय प्रयोगशाळेपुरताच मर्यादित होता.

पंजाबातील प्रयोग : मृदेतील अनिष्ट द्रव्य विजेने काढून टाकून जमीन सुधारावी, हा विचार भारतात १९३० नंतरच्या दशकात पुढे आला. त्यामागे तत्कालीन पंजाबातील कालव्यांची परिस्थिती होती. मोठ्या कालव्यांच्या पाण्याने कोरडी भूमी ओलिताखाली आली. पण निचरा अपुरा पडल्याने भूमिजलाची पातळी वर चढली, लवणे पृष्ठभागाशी साचली आणि विस्तीर्ण क्षेत्र खारवट व चोपण बनले. चोपण जमिनीत मृत्तिकेच्या कणांना सोडियम चिकटून राहिल्याने जमीन ओली असताना चिकट व वाळल्यावर दगडासारखी कठीण होते आणि तीतून पाणी मुरत नाही. अमर नाथ पुरी व बी. आनंद यांनी अशा जमिनीतील सोडियम विद्युत् अपोहनाने काढण्याचे प्रयोग करून त्यांचे वृत्त १९३६ मध्ये ‘सॉइल सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रवाह चालू असताना ऋणाग्राशी जमणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड मिळते, असे त्यांना दिसून आले. मृदाशुद्धीच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख आरंभीचा प्रयत्न म्हणून केला जातो.

या प्रयोगांचा शेतीत प्रसार झाला नाही. याचे कारण तांत्रिक नसून आर्थिक होते. सोडियमाची जागा कॅल्शियमाने घेण्यासाठी जमिनीत जिप्सम मिसळून पाणी देणे व निचऱ्याचे चर काढणे हा उपाय विजेच्या मानाने पुष्कळच स्वस्त व शेतकऱ्याच्या आवाक्यातला होता. भारतातील चोपण जमिनींच्या सुधारणेचे पुढील कार्य प्रामुख्याने याच मार्गाने झाले. एखादी पद्धत शास्त्रीय दृष्ट्या अचूक असूनही तिच्या शेजारी साधा उपाय उपलब्ध असेल, तर ती मागे पडते, ही गोष्ट या पहिल्याच प्रकरणात स्पष्ट झाली आणि पुढील इतिहासातही ती पुनःपुन्हा दिसते.

बांधकामातील उपयोग : याच सुमारास लिओ कासाग्रांडे यांनी जर्मनीत विद्युत् तर्षणाचा उपयोग चिकण जमिनीतील पाणी काढून ती भक्कम करण्यासाठी केला. झाल्ट्‌सगिटर येथे लोहमार्गासाठी केलेल्या खोदकामाच्या ढासळत्या बाजू १९३९ मध्ये या रीतीने स्थिर करण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतील ट्रॉनहेम येथे पाणबुड्यांच्या गोदीचे खोदकाम करतानाही हीच युक्ती वापरण्यात आली. या कामांत पाणी काढणे एवढाच हेतू होता; पाण्याबरोबर काय बाहेर येते याकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नव्हते. १९८० मध्ये अमेरिकेत बंदरातून उपसलेल्या गाळाच्या निर्जलीकरणाचा अभ्यास होत असताना निघणाऱ्या पाण्यात जड धातूंचे प्रमाण बरेच असल्याचे नोंदविण्यात आले. गाळ सुकविण्याच्या साधनाचे गाळ स्वच्छ करण्याच्या साधनात रूपांतर होऊ शकते, ही जाणीव अशा निरीक्षणांतून दृढ झाली.

प्रत्यक्ष क्षेत्रातील चाचण्या : नेदरलँड्समध्ये जुन्या कारखान्यांच्या जागा घरबांधणीसाठी स्वच्छ करण्याचा प्रश्न १९८० नंतर तीव्र झाला. तेथील भूमी चिकण व ओलसर असल्याने ती या पद्धतीस अनुकूल होती. राइनाउट लागेमान व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ग्रोनिंगन येथे रंगाच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेवर चाचणी केली. सु. ७० मी. लांब व ३ मी. रुंद अशा पट्ट्यातील शिशाचे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी व तांब्याचे सु. ८० टक्क्यांनी घटल्याचे सांगण्यात आले. लॉपरसम येथे लाकूड टिकाऊ करण्याच्या कारखान्यामुळे आर्सेनिकाने दूषित झालेल्या जागेवर १९८९ मध्ये काम करण्यात आले.

अमेरिकेत लुइझिॲना राज्य विद्यापीठातील याल्चिन आजार यांनी या क्रियेचे रसायनशास्त्र व गणित विस्ताराने मांडले. त्यांचा व अक्रम अलशवाबकेह यांचा तत्त्वविवेचक निबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रोनाल्ड प्रॉबस्टीन व एडविन हिक्स यांचा या विषयावरील लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात लिस्बेथ ओटोसेन व इतरांनी अग्रे व मृदा यांच्यामध्ये आयन-विनिमयी पटले बसवून पद्धतीत सुधारणा केली.

सर्वच चाचण्या यशस्वी झाल्या नाहीत. कॅलिफोर्नियातील पॉइंट मुगू या नौदलाच्या विमानतळावर विद्युत् विलेपनाचे सांडपाणी साठलेल्या तळ्यांची क्रोमियम व कॅडमियमयुक्त जमीन स्वच्छ करण्याचा प्रयोग १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. ही जागा समुद्राजवळ असल्याने मृदेत क्लोराइडाचे प्रमाण फार होते. प्रवाहाचा मोठा भाग क्लोराइडामुळेच खर्ची पडला, क्लोरीनयुक्त नवी अनिष्ट संयुगे तयार झाली आणि धातू अपेक्षेपेक्षा खूपच मंद गतीने सरकले. कोणतीही जमीन ‘केवळ दूषित जमीन’ नसते; तिच्यातील नैसर्गिक घटकच पद्धतीचे भवितव्य ठरवितात, हा या प्रयोगाचा धडा होय.

क्रिया : अग्रांमध्ये दर सेंटिमीटरला साधारणपणे एक व्होल्ट एवढा वर्चस्‌भेद ठेवतात. मृदेत त्यामुळे तीन प्रकारची हालचाल होते. विरघळलेले धन आयन ऋणाग्राकडे व ऋण आयन धनाग्राकडे जातात, यास आयनांचे विद्युत् स्थलांतर म्हणतात. धातूंच्या बाबतीत हीच मुख्य क्रिया होय. विद्युत् तर्षणाने छिद्रांतील पाणीही सामान्यतः ऋणाग्राकडे वाहते. त्याची गती दिवसाला काही सेंटिमीटर एवढी असू शकते. तिसरी, म्हणजे भारित कलिल कणांची हालचाल, घट्ट मृदेत नगण्य असते. केवळ दाबाने ढकललेल्या पाण्याच्या बाबतीत वाळू व चिकणमाती यांच्या पार्यतेत (पाणी आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेत) लाखो पटींचा फरक पडतो. विद्युत् तर्षणाच्या बाबतीत हा फरक फारच थोडा असतो. चिकण जमिनीत ही पद्धत का चालते, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

अग्रांशी पाण्याचे विद्युत् विच्छेदनही होते. धनाग्राशी ऑक्सिजन व हायड्रोजन आयन निर्माण होऊन तेथील मृदा अम्लीय बनते व पीएच मूल्य सु. २ पर्यंत उतरते. ऋणाग्राशी हायड्रोजन वायू व हायड्रॉक्सिल आयन निर्माण होऊन पीएच मूल्य सु. १२ पर्यंत चढते. हायड्रोजन आयन हायड्रॉक्सिल आयनांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने सरकत असल्याने अम्लाची आघाडी मृदेतून ऋणाग्राकडे पुढे जाते आणि कणांना चिकटलेले धातू सोडवीत जाते. ऋणाग्राजवळ मात्र तिची गाठ क्षाराच्या आघाडीशी पडते व तेथे धातूंचा हायड्रॉक्साइडांच्या रूपात साका बनतो. परिणामी धातू बाहेर न पडता मृदेतच एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. हे टाळण्यासाठी ऋणाग्राच्या कूपात ॲसिटिक वा सायट्रिक अम्ल सोडून तेथील क्षार उदासीन करतात, धातूंना विद्राव्य जटिल रूपात ठेवणारी द्रव्ये घालतात अथवा आयन-विनिमयी पटले वापरतात. षट्‌संयुजी क्रोमियम क्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असल्याने ते धनाग्राकडे जाते. म्हणून एकाच जागी क्रोमेट व शिसे दोन्ही असल्यास दोन्ही अग्रांशी उपसा करावा लागतो.

नागपूरच्या संस्था : स्वातंत्र्योत्तर काळात पाणीपुरवठा, मलनिःसारण व त्यांतून उद्‌भवणारे साथीचे रोग यांविषयी संशोधन करण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन केली. औद्योगिक प्रदूषण हा तिच्या कार्याचा वाढता भाग झाल्याने १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) हे नाव देण्यात आले. जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमही त्याच वर्षी संमत झाला. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्थेची स्थापना १९७६ मध्ये झाली व तिचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. देशातील मृदेचे नकाशे एका संस्थेत व तिच्या दूषणाचे मोजमाप दुसऱ्या संस्थेत, अशी कामाची विभागणी या शहरात झाली.

दूषित मृदा हा विषय भारतीय न्यायालयांपुढे येऊ लागला तेव्हा नीरीचे अहवाल निर्णायक ठरले. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील बिछडी या गावाजवळ रंगद्रव्य उद्योगास लागणाऱ्या ‘एच’ अम्लाच्या उत्पादनातून निघालेला विषारी गाळ उघड्यावर पडल्याने विहिरींचे पाणी तांबूस होऊन पिण्यास व शेतीस निरुपयोगी झाले. या प्रकरणी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. नीरीने १९९४ मध्ये पाहणी करून मृदा व भूमिजल पूर्वस्थितीत आणण्याचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये येईल, असा अंदाज दिला. न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयात जो प्रदूषण करील त्यानेच निवारणाचा खर्च सोसावा, हे तत्त्व भारतीय कायद्यात दृढ केले. भोपाळ येथील कीटकनाशकाच्या बंद कारखान्याच्या परिसरात सु. ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नीरीने २०१० मध्ये दिला. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाल्यानंतर तेथील मृदेत पाऱ्याची मर्यादा किग्रॅ.ला २० मिग्रॅ. असावी, अशी शिफारस याच संस्थेने केली. तेथे माती धुणे व उरलेला पारा उष्णतेने बाष्परूपात वेगळा करणे हा मार्ग निवडण्यात आला. मर्यादेचा आकडा किती असावा, यावर तेथे दीर्घ वाद झाला. कारण आकडा कमी केला की स्वच्छ करावयाची माती व खर्च वाढतो आणि वाढविला की लगतच्या अरण्याचा व पाण्याचा धोका वाढतो.

नागपूर परिसरातील दूषणाची स्थाने : नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात दक्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी मृदा असून पूर्व व उत्तर भागांत प्राचीन स्फटिकमय खडक आहेत. मनसर, गुमगाव इ. ठिकाणी मँगॅनिजाच्या खाणी आहेत. या धंद्याची सुरुवात १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका सिंडिकेटपासून झाली व १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. शतकाहून अधिक काळच्या खाणकामाने निरुपयोगी खडक व माती यांचे उंच ढीग तयार झाले. या ढिगांत जैव द्रव्य जवळजवळ नसते व धातूंचे प्रमाण जास्त असल्याने त्यांवर गवतही सहजी उगवत नाही. पावसाळ्यात त्यांचा गाळ खालच्या शेतांत वाहून येतो.

दुसरे स्थान औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे. कोराडी येथील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. खापरखेडा येथेही मोठे केंद्र आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असल्याने या केंद्रांतून प्रचंड राख निघते व ती पाण्याबरोबर वाहून नेऊन तलावांत साठवितात. कोळशात अल्पांशाने असणारे आर्सेनिक, शिसे, निकेल इ. घटक राखेत एकवटतात. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत व कोलार नदीत शिरले. प्रयोगशाळेतील मृदाशुद्धीच्या प्रश्नाला शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणता अर्थ आहे, हे या घटनेने स्पष्ट केले. उभे पीक एका हंगामाचे असते. शेतात बसलेला थर मात्र कोणीतरी काढावा लागतो.

काळ्या मृदेची अडचण : काळी मृदा चिकण असल्याने विद्युत् गतिक पद्धतीस ती योग्य वाटते, परंतु तिचे दोन गुणधर्म प्रतिकूल आहेत. पहिला गुणधर्म म्हणजे ती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर तिला खोल भेगा पडतात. विद्युत् तर्षणाने पाणी ऋणाग्राकडे जाऊ लागले की धनाग्राजवळची मृदा वाळून भेगाळते व प्रवाहाचा मार्गच तुटतो. त्यामुळे धनाग्राशी सतत पाणी पुरवावे लागते. दुसरा गुणधर्म म्हणजे चुनखडीचे (कॅल्शियम कार्बोनेटाचे) प्रमाण. धातू सुटण्यासाठी अम्लाची आघाडी पुढे सरकणे आवश्यक असते व चुनखडी नेमके अम्लच उदासीन करते.

या अडचणीचे परिमाण साध्या हिशेबाने समजते. पाच टक्के चुनखडी असलेल्या एक किग्रॅ. मृदेत ५० ग्रॅ., म्हणजे अर्धा मोल चुनखडी असते. ती पूर्णपणे संपविण्यास एक मोल हायड्रोजन आयन, म्हणजे सु. ९६,५०० कुलंब विद्युत् भार लागतो. त्याच मृदेत एक ग्रॅ. शिसे आहे असे मानले, तर त्या शिशाच्या आयनांवरील एकूण भार याच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढा भरतो. याचा अर्थ, शिसे बाहेर काढण्यासाठी म्हणून दिलेली बहुतेक वीज चुनखडी विरघळविण्यातच जाते. शिवाय चुनखडी गेलेली व अम्ल झालेली मृदा शेतीस लगेच योग्य राहत नाही. सायट्रिक अम्लासारखी जटिलकारक द्रव्ये वापरून अम्लाची गरज कमी करता येते. पण धातूने युक्त असे हे द्रावण भूमिजलात उतरणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

वीज व राख : मोठ्या प्रमाणावरील काही चाचण्यांत शिशाने दूषित मृत्तिकेच्या एका घन मीटरला ३०० ते ७०० किलोवॉट-तास (युनिट) ऊर्जा लागल्याचे आढळले. हा खर्च मध्यम म्हणजे ५०० युनिट धरला व ती वीज कोळशापासून मिळविली, तर एका युनिटास सु. ०.७ किग्रॅ. या दराने ३५० किग्रॅ. कोळसा जळतो आणि त्याची शंभर किग्रॅ.हून अधिक राख होते. एका ठिकाणची माती स्वच्छ करताना दुसऱ्या ठिकाणी राखेच्या तलावात भर पडते. जेथे वीज प्रामुख्याने कोळशावर तयार होते अशा प्रदेशात हा हिशेब टाळता येत नाही. सौर घटांपासून मिळणारा प्रवाह एकदिश असल्याने तो अग्रांना थेट पुरविण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले असून त्यांमुळे ही उणीव काही अंशी दूर होण्यासारखी आहे. रात्री प्रवाह खंडित होणे हे येथे मोठे नुकसान नसते.

नागपुरात अनुसरलेला मार्ग : मँगॅनिजाच्या खाणींचे ढीग व राखेचे तलाव यांचे क्षेत्र इतके विस्तृत आहे की, त्यांत अग्रे रोवून धातू काढणे व्यवहार्य ठरत नाही. नीरीतील शास्त्रज्ञांनी त्यासाठी जैव मार्ग स्वीकारला. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनी साखर कारखान्यांत उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी किंवा शेणखत, नायट्रोजन स्थिर करणारे सूक्ष्मजंतू व मुळांशी सहजीवन करणारी कवके यांचा एकत्रित उपयोग करून अशा ढिगांवर झाडे वाढविली. गुमगाव येथील मँगॅनिजाच्या खाणीवर ही ‘समन्वित जैवतंत्रज्ञान’ पद्धती वापरण्यात आली. खापरखेडा येथील राखेच्या ढिगाऱ्यावर १० हेक्टर क्षेत्रात हेक्टरी ५० टन शेणखत घालून केलेल्या प्रयोगाचे वृत्त २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या रीतीत बराचसा धातू जागच्या जागीच राहतो. जैव द्रव्याने तो बांधला जातो, धूळ व गाळ थांबतात आणि मृदा बनण्याची नैसर्गिक क्रिया पुन्हा सुरू होते. धातू बाहेर काढण्याच्या दिशेनेही याच संस्थेत संशोधन झाले. सूक्ष्मजंतूंनी तयार केलेल्या ऱ्हॅम्नोलिपिड या साबणासारख्या द्रव्याच्या ०.१ टक्का द्रावणाने, कृत्रिम रीत्या दूषित केलेल्या मृदेच्या स्तंभातून ३६ तासांत सु. ९२ टक्के कॅडमियम व सु. ८८ टक्के शिसे निघून आल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. प्रयोगशाळेतील स्तंभ व शेतातील काळी जमीन यांत मात्र अंतर असते, हे येथेही लक्षात घ्यावे लागते.

भारतात विद्युत् गतिक पद्धतीवरील प्रयोग प्रामुख्याने प्रयोगशाळांत झाले. तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्थेत कापड रंगविण्याच्या सांडपाण्याने बिघडलेल्या शेतजमिनीच्या मातीवर या पद्धतीचे प्रयोग करण्यात आले. कृष्ण रेड्डी हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेत कार्य करणारे भारतीय वंशाचे अभियंते या विषयातील अग्रगण्य संशोधक असून त्यांनी क्लाउडिओ कामेसेल्ये यांच्यासह संपादित केलेला या विषयावरील बृहद्‌ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा व भवितव्य : दूषित जागांबाबत भारतात दीर्घकाळ स्वतंत्र नियम नव्हते, पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ व न्यायालयांचे निर्णय यांच्या आधारे प्रत्येक प्रकरण वेगळे हाताळले जाई. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर करून संशयित जागा शोधणे, तिची तपासणी करणे व जबाबदार पक्षाकडून शुद्धीकरणाचा खर्च घेणे यांची कार्यपद्धती ठरविली. किरणोत्सर्गी अपशिष्टे, खाणकाम इ. कारणांनी दूषित झालेल्या जागा साधारणतः या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या असून त्यांना इतर कायदे लागू होतात. म्हणजे विदर्भातील खाणींच्या ढिगांचा प्रश्न या नियमांनी थेट सुटत नाही.

विद्युत् गतिक मृदाशुद्धी हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नव्हे. जागा लहान, दूषण तीव्र, जमीन चिकण व ओलसर, चुनखडी व क्लोराइड कमी आणि वर इमारती असल्याने खणणे अशक्य, अशा परिस्थितीत ती उपयुक्त ठरते. विद्युत् विलेपनाचे छोटे कारखाने, जुन्या विद्युत् संचायकांतील (बॅटऱ्यांतील) शिसे वितळविण्याच्या जागा व चर्मोद्योगातील क्रोमियमाचे साठे ही तिची संभाव्य क्षेत्रे होत. विस्तीर्ण शेतजमीन, खाणींचे ढीग व राखेचे तलाव यांबाबत धातू बांधून ठेवणारी जैव पद्धतीच अधिक व्यवहार्य आहे. तीत मात्र एक जबाबदारी गृहीत असते. जागेवर राहिलेल्या धातूवर पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवणे व तेथे धान्य वा भाजीपाला पिकविला जाणार नाही हे पाहणे. धातू काढण्याचा खर्च एकदा करावा लागतो. न काढलेल्या धातूची राखण कायमची करावी लागते. पंजाबातील चोपण जमिनींच्या वेळी जिप्समाने हा प्रश्न सहज सोडविला, कारण सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जाऊ शकत होते. शिसे व कॅडमियम यांच्यासाठी तितका सोपा पर्याय उपलब्ध नसल्याने रॉइस यांच्या प्रयोगातून निघालेल्या या पद्धतीविषयीचे संशोधन दोन शतकांनंतरही चालू आहे.